डोंगरकड्यात हळदीचं दुकान

१२ ऑगस्ट
नांदेडचं बिझनेस शिबिर संपलं. डोळे उघडले. सर म्हणाले, आधी होम मार्केट जिंका, मग जग. ठरलं! डोंगरकड्यात पाकीटबंद हळदीचं दुकान. आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळद सगळेच पिकवतात, विकायची अक्कल कुणाला नाही. ब्रँडचं नाव 'व्यंकट गोल्ड'.

१३ ऑगस्ट
बायकोला, म्हणजे अनुसूयाला, प्लॅन समजावला. म्हणाली, "अहो, इथं हळद इकत कोण घेतं?" बायकांना मार्केटिंग कळत नाही. वर अट घातली: दिवाळीपर्यंत दुकान चाललं नाही, तर तिच्या भावाच्या, विश्वजीतच्या, खताच्या दुकानात बसायचं. मान्य केलं. मेहुण्याच्या हाताखाली मी? मेलो तरी नाही.

२७ ऑगस्ट
उद्घाटन. तुफान गर्दी. पेढे संपले. फक्त एक खटकलं. आहेर म्हणून जो तो हळदच घेऊन आला. भिकाबाईने पिशवीभर, भावसिंगने अख्खं पोतं. म्हणे, "तुमी हळदीचं दुकान टाकून राहिले, आमची बी असू द्या." संध्याकाळी दुकानात सकाळपेक्षा जास्त माल. विक्री शून्य. पहिल्या दिवशी विक्री नसतेच, ब्रँड अवेअरनेस असतो.

५ सप्टेंबर
स्ट्रॅटेजीत किरकोळ बदल. एकावर एक फ्री. सोजराबाईने विचारलं, पहिलं न घेता नुसतं फ्रीचं भेटंल का. हाकलली. मग परत बोलावून दिलं. याला सॅम्पलिंग म्हणतात.

१४ सप्टेंबर
जिंकलो! शेजारच्या मदीनाबीने पाच पाकिटं नेली. अनुसूयाला मुद्दाम दोनदा सांगितलं. "बरं झालं," म्हणाली आणि भाकरी उलटवली. कौतुक करायची दानतच नाही.

२२ सप्टेंबर
घटस्थापना. देवळासाठीची हळद पुजाऱ्याने भावसिंगकडून नेली. उद्घाटनाला सगळ्यांत जास्त पेढे याच पुजाऱ्याने हाणले होते. गाव फितूर आहे. मदीनाबी तेवढी इमानदार, आज पुन्हा आली.

६ ऑक्टोबर
मदीनाबी परत! एका घरात एवढी हळद? विचारलं नाही. ग्राहकाच्या खासगी बाबीत पडू नये. पुढच्या वर्षीचं टार्गेट: अशा शंभर मदीनाबी.
विश्वजीतचा फोन. "दाजी, कधी येऊन राहिले?" ठणकावून सांगितलं, माझ्याकडे लॉयल कस्टमर आहे.

१७ ऑक्टोबर
मदीनाबी गोणी घेऊन आली. म्हणाली, "भाऊ, घरी पाव्हणे येऊन राहिले, ठेवायला जागा न्हाई. भाभीचे पाकिटं भाभीला देऊन टाका." कोणती भाभी? "अनुसूयाभाभी. पैसे त्याच देत व्हत्या ना. तुमाला सांगू नको म्हणल्या व्हत्या, पन तकलीफ व्हऊन राहिली."
गोणीत माझी सगळी पाकिटं. एकही फोडलेलं नाही.

दुपारी
घरी जाऊन ओरडलो. गावाने केला तो दगा समजू शकतो, पण घरातून? माझं अख्खं मार्केट म्हणजे माझीच बायको! ती म्हणाली, तुमचं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं.
तरी मुद्दा सोडला नाही. घेतलीस ना, मग निदान एखादं वापरायचं! डब्यात हळद कुणाची? विश्वजीतच्या शेतातली!
ती म्हणाली, "घरात हळद असताना पाकीट काहून फोडायचं?"
यावर शिबिरात काही सांगितलं नव्हतं.
वरण पिवळंधमक झालं होतं. दोनदा घेतलं. मग विश्वजीतला फोन लावला.