शनिवारचा हौद

घोडेगाव,
२२ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप आईस,

ठकूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. यमाजीदादा, हे आईला सावकाश वाचून दाखव.

मी बरी आहे. वसतिगृहात पोटभर जेवते. खोकलाही गेला.

इथं एक गोष्ट झाली, ती मला नीट समजली न्हाई. दिवाळीत आपल्या मेंढ्या व्यायला आल्या व्हत्या, म्हणून मी शाळेत चार दिवस उशिरा आले. त्याच दिवशी फळ्यावर ‘श्रमदान’ लिहून खाली माझं नाव व्हतं. मला वाटलं, ही उशिराची शिक्षा. भीमाशंकरला जाणारी माणसं शाळेपुढच्या हौदावर पाणी पितात, तो शनिवारी धुवायचा व्हता. बाकीच्या पोरी एकदाच आल्या. मला कोणी ‘आता पुरे’ म्हटलं न्हाई, म्हणून मी दर शनिवारी घासत राहिले.

परवा स्नेहसंमेलनात सरांनी माईकवर माझं नाव घेतलं. मी भीतभीत वर गेले आणि छडीसाठी हात पुढं केला. पाहुण्यांनी त्या हातावर प्रशस्तिपत्र ठेवलं. त्यावर ‘समाजसेवा’ असं लिहिलंय. आमच्या सातवीच्या वर्गानं लई टाळ्या वाजवल्या.

सरांना खरं सांगू का? मग ते कागद परत घेतील का? आईला विचारून कळव. आबांचा गुडघा कसा आहे? काळीचं कोकरू जगलं ना?

काल परत शनिवार व्हता. शिक्षा संपली का, ते अजून कोणी सांगितलं न्हाई. म्हणून हौद धुऊन आले.

तुझी,
ठकू