शीळ जिथे थांबते

१२ जानेवारी

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेले की मी रडत सुटते आणि तू नुसते हुंकार भरत बसतोस, म्हणून पत्र. मी बरी आहे. जेवते, झोपते, औषधं घेते, तेव्हा तेच तेच विचारू नकोस. तुझे भावोजी गेल्यापासून घर इतकं गप्प झालंय की फ्रिज सुरू झाला तरी बरं वाटतं.

काम असं, की मोबाइलवर त्यांची शीळ सापडली. फोटोची फ्रेम तयार आहे, हा गिऱ्हाइकाला धाडायचा निरोप त्यांनी वेंधळेपणाने मलाच पाठवला होता, आणि बोलून झाल्यावर रेकॉर्डिंग बंद करायचंही विसरले. पुढे पलीकडच्या खोलीत फ्रेमची काच कापताना घातलेली शीळ आहे. एकदाच ऐकली. अशी एकटी शीळ मला ऐकवत नाही रे. तू शाळेत कीबोर्ड शिकवतोस, सुरावटीला कॉर्ड शोधून देणारं सॉफ्टवेअर तुझ्याकडे आहे ना? तिला काहीतरी साथ दे. मग मला त्यांना रोज ऐकता येईल. रेकॉर्डिंग पाठवलंय.

चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून वर्गात जाऊ नकोस, मुलं हसतात.

माया आहेच, ती मागायची वेळ आणू नकोस.
तुझी,
ताई

२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काडी चिकटवली. मुलं आता दुसऱ्या कशाला तरी हसतात.

तुझं काम झालं. कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वर एकत्र वाजवून सुरावटीखाली अंथरलेली सतरंजी समज. पण आधी सुरावटीचं घर, म्हणजे तिचा मुख्य सूर कुठला ते ठरवावं लागतं, आणि आमचं हे शहाणं सॉफ्टवेअर शेवटच्या सुरावर फार भिस्त ठेवतं. शीळ जिथे थांबली तेच घर धरून त्याने सगळी साथ मायनर, म्हणजे उदास दिली. मी चक्रावलोच. जेवताना आपल्याला हसवून ठसका लावणारा माणूस एकटा असताना असा उदास असायचा का गं? रेकॉर्डिंगच्या शेवटी नुसतीच शांतता होती, ती कापली. शीळ अधांतरी राहत होती, म्हणून एक कॉर्ड देऊन शेवट नीट बंद केला.

मी मजेत आहे. खोलीत मी आणि कीबोर्ड, भांडायलाही कोणी नाही.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
बंड्या

२९ जानेवारी

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

ते उदास होते हे तुला त्या यंत्राने सांगितलं? ऐकून मी दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. सारखं वाटायचं, पलीकडच्या खोलीत माणूस झुरत होता आणि मला पत्ताच नव्हता. मग भांडी घासता घासता आपोआप पुढची ओळ तोंडात आली आणि डोक्यात प्रकाश पडला. अरे, ती शीळ संपलेलीच नाही! कापलेली काच दोन्ही हातांत धरली की त्यांना खोलीचं दार उघडता येत नसे. म्हणून ते अर्ध्यावर थांबायचे, आणि उरलेली ओळ गुणगुणत मी जाऊन दार उघडायची. त्या दिवशी मी घरात नव्हते. घरी आल्यावर, कुठे उलथली होतीस म्हणून विचारलंही होतं त्यांनी.

माझी ओळ पाठवतेय. आवाज बसलाय, नावं ठेवू नकोस. आता बघ म्हणावं तुझ्या शहाण्याला.

रागावले तरी तुझीच,
ताई

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कान पकडले. तुझी ओळ शिळेला जोडली आणि सॉफ्टवेअरने घरच बदललं! सूर तेच, एकही इकडचा तिकडे नाही, पण आता साथ मेजर, चांगली खुशीतली. भावोजी मजेत होते, ताई. हे मी आता खात्रीने सांगतो. मी चार-पाचदा ऐकलं आणि एकटाच हसत बसलो. सोबत पाठवलंय. तू आणि ते, एका दमात.

उत्तर लवकर दे. तुझ्या शिव्यांची सवय झाली आहे.
तुझा,
बंड्या

१४ फेब्रुवारी

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

ऐकलं. फार गोड केलंस. रडले, पण नेहमीसारखं नाही.

एकच गोष्ट खटकली. त्यांची शीळ थांबते न थांबते तोच मी गायला लागते. बंड्या, मी आयुष्यात कधी इतक्या लगेच उत्तर दिलं नाही. हातातलं टाकून, हात पुसून निघायची. तोवर ते काच धरून उभे असत. कधी पुन्हा हाक मारली नाही, कधी चिडले नाहीत.

तेव्हा माझी ओळ काढून टाक. खुशीतली साथ राहू दे. आणि शेवटची जी शांतता तू कापलीस ना, ती होती तशी परत लाव. ते तिथे माझी वाट बघतायत रे. मी येईन माझ्या वेळाने.

जमेल तेव्हा इकडे ये, भांडायला मी आहे.
तुझी,
ताई