आधी आकाश

बारामती, मंगळवार, संध्याकाळ

कळंबचं घर सोडून मुलाच्या फ्लॅटवर आले त्याला दोन महिने झाले. आज पहिल्यांदा रंग काढले आणि सवयीनं अर्धा कागद निळा करून टाकला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी तसंच शिकवलेलं, आधी आकाश, मग बाकीचं. कळंबला मागच्या पायरीवर बसलं की उसावर नुसतं आकाशच असायचं. इथे मान वर केली तर खिडकीत ते नव्हतंच. समोरच्या इमारतीतलं स्वयंपाकघर होतं आणि ओट्यापाशी मेथी निवडणारी बाई. दोन महिने हेच बघतेय, तरी हात कसा चुकला?

तिनं पाहिलंच. "काकी, रोज काय बघता ओ हितं? आमची भाजी?"

"चित्र काढतेय."

"माझं? थांबा की मग, केस तरी बांधते. न्हायतर सासूबाई म्हणतील, भूत काढलंय."

अंबाडा घालून मान ताठ करून उभी राहिली. मी आयुष्यात कधी माणूस काढलेलं नाही. कागदावर तेवढं निळं, आणि मी कोरडा ब्रश फिरवत बसले. ती पणदऱ्याच्या माहेराचं सांगत होती, गाईंचं, भावजयीचं. आज दिवसभरात माझ्याशी बोललेलं ते पहिलं माणूस.

"झालं का ओ? कुकर लावायचाय."

"थोडंसं राहिलंय," मी म्हणाले. झालं म्हटलं असतं, तर ती गेली असती.