हात उचलला नाही

२ मार्च १९६१
मनकर्णाला खुर्सीपारला भावाकडे जाऊन चार दिवस झाले. आज तिच्या भावाने, देवाजीने, अट घातली. महिनाभर कोणावरही हात उचलायचा नाही. मग २ एप्रिलला घेऊन जा. वर म्हणाला, "आमाले खबर लागते बरं, जवाईबापू." मान्य केलं. मुळात मी शांत माणूस आहे.

३ मार्च
ठेकेदारसाहेब २ एप्रिलला गाडी देणार. मी चालवतो तीच. जुनी आहे, पण काच धुवायचा फवारा आहे. पायाशी पंप. दाबला की पाणी उडायला हवं; सध्या लाळेसारखं गळतं. पोलाद प्लांटची लाल धूळ काचेवर तशीच. मनकर्णा शेजारी बसली की काच धुऊन दाखवायची. दुरुस्तीला आठ दिवस पुरे.

९ मार्च
फवाऱ्याची भोकं सुईने साफ केली. पाणी बॉनेटवरच. पंपाला लाथ घातली. हात नव्हे.

१४ मार्च, दुपार
मेकॅनिक सुखराम म्हणाला, नळी फाटली. नवी घातली. तरी जोर नाही. म्हणतो, "धीरे चपक, भइया. लात झन मार." हळू दाब, लाथ मारू नको म्हणे. मला पंप शिकवतो. त्याच्या मांडीत एक लाथ बसली. तो पान्यावर पडला, कपाळ फुटलं. पाना तिथे त्यानेच ठेवला होता. माझे हात खिशात होते.

२१ मार्च
राग पूर्ण सोडला.
संध्याकाळी क्वार्टरचं दार अडकलं. खालची फळी तुटली. शेजारच्या शैलाबाईंनी विचारलं, "कावून तोडून राहिले जी दार? आत तं कोणीच नाई." उत्तर दिलं नाही. याला संयम म्हणतात.

२८ मार्च
सुखराम पुन्हा तेच म्हणाला. त्याचे दोन दात गेले. गुडघा. गुडघा पायातच धरतात.

२ एप्रिल, रविवार
सकाळी देवाजीच्या दारात गाडी लावली. तो म्हणाला, "हात तं नाई उचलला म्हणतात." बहिणीकडे पाहिलं. मनकर्णा ट्रंक घेऊन शेजारी बसली. चपला काढल्या.
पंप दाबला. थेंब. पुन्हा दाबला. मग टाच. मग बूट. किती वेळ, आठवत नाही. गाडी हलत होती. थांबलो तेव्हा ती दाराला चिकटली होती, ट्रंक पोटाशी धरून.
म्हटलं, बघ, हात उचलला का?
तिने पाय लांब केला. उघडं पाऊल पंपावर हळूच टेकवलं. दोन धारा काचेच्या वरच्या कडेपर्यंत उडाल्या. वायपर फिरला.
"दाबा लागते," ती म्हणाली. "मारा नाई लागत."
ट्रंक घेऊन उतरली. काच स्वच्छ होती. दारात शिरेपर्यंत ती नीट दिसली. देवाजीने आतून कडी घातली. जुनं दार. एका लाथेचं काम.
बसून राहिलो. दुपारपर्यंत काचेवर पुन्हा धूळ बसली. पंप दाबला.
थेंब.