आईच्या टाकीतलं शेवाळ

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी जेवढी अंगं वाकली तेवढी गोड मानून घे.) तुझी तब्येत, भावोजींचा गुडघा आणि पोरांच्या परीक्षा ठीकठाक असतील अशी आशा. इकडे माणसं बरी आहेत. मासेही बरे असावेत. असावेत म्हणतो, कारण ते दिसत नाहीत.

आईच्या माशांच्या टाकीला शेवाळ धरलंय. धरलंय म्हणजे अगदी हात धुऊन मागे लागलंय. काचेवर हिरवा थर, दगडांवर मखमल, आणि आईने जिवापाड वाढवलेल्या लांब पानांच्या रोपांना चक्क काळ्या दाढ्या फुटल्यात. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या काचा पुसतो आणि घरी येऊन ही पुसतो. तू मागच्या पत्रात बजावलंस की महिनाअखेरपर्यंत पाणी निवळलं नाही तर टाकी कोणाला तरी देऊन टाका, बाबांना आता झेपत नाही. बाबांनी ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवून दिलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आई असताना असं कधी झालं होतं का गं? आपण शाळेतून आलो की ती टाकीचा दिवा लावायची आणि जेवणं उरकली की विझवायची. 'अजून थोडा वेळ' म्हणून आपण गळा काढला की म्हणायची, "तुमच्यासारखंच आहे त्यांचं. लाड केले की शेफारतात." खाणं दिवसातून एकदा, चिमटीत मावेल एवढंच. दर आठवड्याला बादलीभर पाणी काढून ताजं घालायची, जुन्या टूथब्रशला शेवाळाचे धागे गुंडाळून ओढायची, आणि बाबा कोणाचं तरी घड्याळ उघडून बसलेले, मान वर न करता विचारायचे, "माशांची अंघोळ झाली असेल तर माणसांना चहा मिळेल का?" परवा टाकी घासताना हे वाक्य माझ्याच तोंडून निघून गेलं, आणि मग बाबा, तुझी भावजय आणि मी, तिघंही उगाच इकडे तिकडे काहीतरी शोधायला लागलो. मला ती फार आठवते, ताई.

असो. उपायांचं सांगतो. टाकीच्या दुकानदाराने गोगलगायी दिल्या. त्यांनी शेवाळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कोवळी पानं फस्त केली आणि संसार थाटला. (आता त्या घरमालक आणि मासे भाडेकरू.) मग त्याने औषध दिलं. पाणी निळं झालं, शेवाळ हिरवंच राहिलं. मग म्हणाला, रोपांना जोर यायला मोठा दिवा लावा. रोपांचं माहीत नाही, शेवाळाला मात्र दिवा फार मानवला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

शेवटी ठरलं, टाकी काही दिवस अंधारात ठेवायची. दिवा बंद, खाणं बंद, वरून जाड चादर. रोपं तग धरतात, शेवाळ मरतं म्हणे. चादरीला कोणी हात लावायचा नाही अशी मी घरात तंबी दिली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी हळूच तिचं टोक उचललं. (तंबी देणाऱ्याला ती लागू नसते.) आई गेल्यापासून रोज सकाळी माशांना चिमूटभर खाणं मीच घालतो, कोणाला न सांगता. तिचं काम बंद पडू नये, एवढंच. तर हात पाण्यावर नेला आणि बघतो तो पलीकडच्या काचेतून कोणीतरी माझ्याकडे टक लावून बघतंय. बाबा! त्यांनी पलीकडून चादर उचललेली आणि चिमूट तयार. हिरव्या पाण्यातून आम्ही बापलेक एकमेकांकडे बघत असतानाच तुझी भावजय आली, पदराआड खाण्याचा स्वतंत्र डबा घेऊन.

म्हणजे इतके महिने घरातला प्रत्येक जण चोरून आईचं काम करत होता आणि मासे तिन्ही त्रिकाळ मेजवान्या झोडत होते. उरलेलं तळाशी कुजत होतं आणि त्यावर शेवाळ बाळसं धरत होतं. शिवाय बाबा दिवाही सकाळपासून लावून ठेवतात. खोलीत कोणीतरी असल्यासारखं वाटतं म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

आता वाटण्या झाल्यात. खाणं बाबांनी घालायचं, सकाळी एकदाच. पाणी माझ्याकडे, ब्रश भावजयीकडे, दिवा फक्त संध्याकाळी. थोडी कळ काढ आणि टाकीचं नाव घेऊ नकोस.

तुझा,
हाताचा वास न जाणारा धाकटा

ता. क. पत्र टाकायचं आठवडाभर राहून गेलं. एवढं करूनही शेवाळ हटेना, म्हणून पाळत ठेवली. चोर तू आहेस. संध्याकाळी फोनवर तू न चुकता विचारतेस, "बाबा, माशांना घातलं का?" सकाळी घातलेलं असतं. तरी ते फोन कानाला धरूनच उठतात, आणखी एक चिमूट सोडतात आणि सांगतात, "हे बघ, आत्ताच घातलं." मग कोणता मासा वर आला, कोणता रुसून बसला, सगळं तुला ऐकवतात. तेव्हा हात जोडून विनंती, हा एक प्रश्न विचारू नकोस.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवलं होतं, फोडून लिहितोय. काल तुझा फोन आला नाही. बाबा टाकीसमोर खुर्ची ओढून बसले, फोन मांडीवर. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "थांब जरा. ती विचारेल आता." दिवसभरात तेवढंच बोलले. टाकी कुठेही जाणार नाही. आणि तू विचारत जा, ताई. रोज विचार. शेवाळ काय, मी घासतो.