टोपाच्या तळचा भात

प्रिय बाबा,

आईला एक प्रश्न विचारला, तर ती म्हणाली, "मला काय विचारतेस? त्यांनाच विचार." म्हणून लिहितेय. उत्तर येणार नाही, हे मला माहीत आहे. पण प्रश्न माझ्याकडेच ठेवला तर झोप लागायची नाही.

तू गेल्यापासून घरात भात मी लावते. तुला लागायचा तसाच, शीत न् शीत सुटं. एवढं तरी तुझ्यासारखं राहावं, असं वाटलं. पण आईचं जेवण कमी होत गेलं. शनिवारी तर ती रात्री पानावर बसेचना. "योगाला जाऊन आले की भूक मरते," म्हणायची. योगानं भूक मरते? कुणाची?

माझं काम तुला ठाऊक आहे. थर्मामीटर, वजनकाटे तपासायचे, आणि समोरचं यंत्र चुकतंय असं धरूनच सुरुवात करायची. शनिवारी आईच्या ओढणीला तिळाच्या तेलाचा वास यायचा. मग एकदा ती देवासमोर बसून, न पेटवलेल्या दोन उदबत्त्यांनी शेंगदाणा उचलताना दिसली! मला बघून म्हणाली, "बोटं आखडलीत गं, व्यायाम."

माझी खात्री झाली की कुणीतरी आहे. तुला जाऊन अजून वर्षही झालं नाही, बाबा!

गेल्या शनिवारी मी तिच्या मागे गेले. भांडुपहून रिक्षानं मुलुंडला. योगाचा हॉल मागे टाकून ती एका लहानशा जपानी हॉटेलात शिरली. आपली आई! बाहेर चहा प्यायचा तरी कपाची कड पुसून घेणारी!

मी बाहेर थांबले, दुसरं माणूस यावं म्हणून. कोणी आलं नाही. शेवटी आत गेले. टेबल दोघांचं, आणि पाण्याचे ग्लासही दोन.

"कोण येणार आहे?" मी विचारलं.

"आधी बस. लोक बघतायत."

"हा दुसरा ग्लास कुणाचा?"

"टेबल दोघांचं आहे, ते दोन ठेवतात." मग तिच्या लक्षात आलं आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "माझा बॉयफ्रेंड पकडायला आलीस? अगं, वाट लागली तुझी!"

वाढप करणारी मुलगी धावत आली. "आंटी, बेटी है ना? नाक सेम है. बैंगनवाला दो कर दूँ?"

म्हणजे हिची इथे ओळखही झालेली!

वाडगे आले. वर गोड-खारट वांग्याचे काप, खाली भात. आईनं दोन काड्यांनी सराईतपणे उचलला, तर गोळाच्या गोळा वर आला. मी तुझीच मुलगी. लगेच म्हटलं, "भात चिकट झालाय. परत पाठवूया."

आईनं वाडग्यावर हात ठेवला. "हात लावू नकोस. मला असाच आवडतो."

"कधीपासून?"

"लहानपणापासून. आमच्याकडे मऊच असायचा."

"मग घरी कधी बोलली का नाहीस?"

"तुझे बाबा शितं तपासायचे. आता तू तपासतेस."

मी एक घास घेतला. भात वाईट नव्हता.

आता प्रश्न. टोपातला वरचा मोकळा भात तू वाढून घ्यायचास आणि डाव बाजूला ठेवून म्हणायचास, "खालचा तुझ्या आईला राहू दे." खालचा म्हणजे ओलसर, लगदा झालेला. चांगलं ते स्वतःला, उरलेलं तिला, असा अर्थ मी लावला होता. त्याचा तुझ्यावर रागही होता. ते तुला कधी कळलं का?

पण आई गावी गेली की तू तोच तळ खरवडून खायचास. मी पाहिलंय. मग ती असताना का ठेवायचास? तिला काय आवडतं ते तुला माहीत होतं का? माहीत होतं, तर मोकळ्या भाताचा हट्ट कशाला? आणि माहीत नव्हतं, तर इतकी वर्षं शेजारी बसून जेवलास ते काय बघत? ती तुझ्या घरात मन मारून जगली का, एवढंच मला हवंय. हेच तिला विचारलं. ती वाडग्यातलं शेवटचं शीत टिपत राहिली आणि म्हणाली, त्यांनाच विचार.

तुझ्या बाजूनं पुरावा आहे, पण अपुरा. मी निकाल दिलेला नाही.

येत्या शनिवारी दुसऱ्या ग्लासासमोर मी बसणार आहे. आईनंच बोलावलंय. पुढे कधीतरी खात्रीसाठी न सांगताही जाऊन बघेन म्हणते.

आणि पुढच्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध. तुझ्या पानावर वरचा मोकळा भात वाढीन, शितं तपासून. तळाला मात्र डाव लागू देणार नाही. तो आईचा. तू तो मुद्दाम ठेवत होतास की नाही, हे कळेपर्यंत मी मुद्दाम ठेवीन.

अजूनही तुझ्यावर नजर ठेवून असलेली,
केतकी