मोरीत ओतलेली मक्याची दारू

आई, काल तुझी फोडणीची पळी मी दारू पेटवायला काढली. रागावू नकोस, आधी ऐकून घे. तुझी नात, माझी थोरली, जी तुझ्या हातावर जन्मली आणि आता स्वतःच आजी झाली आहे, ती अमेरिकेहून मुलाकडून परत आली ती एक बाटली घेऊन. तिथली स्वस्तातली पण जहाल दारू, बर्बन म्हणतात तिला. म्हणाली, बाबा आयुष्यभर ज्या बाटलीची गोष्ट सांगायचे ना, मक्याची दारू, ती ह्याच जातीची. मी नुसतं बाटलीकडे पाहिलं आणि तोंडात कडू थुंकी जमली. बूच अजून तसंच होतं, वास यायचा प्रश्नच नव्हता. पण काही वास नाकात नसतात गं, डोक्यात घर करून बसलेले असतात.

मालाडची आपली खोली. मी ओली बाळंतीण, बाजेखाली शेगडी, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी इतकी की पोर शिंकते आहे, आणि तू पलीकडे डिंक तळते आहेस. बाळंतिणीच्या अंगात थंडी भरू नये म्हणून रोज चमचाभर ब्रँडी कोमट पाण्यातून द्यायची, ही आपल्याकडची रीत. सरकारने दारूबंदी केली तेव्हा रीत राहिली आणि ब्रँडी गेली. परमिट मिळायचं, पण त्यासाठी डॉक्टरपुढे उभं राहून स्वतःला व्यसनी लिहून घ्यायचं. चमचाभर ब्रँडीसाठी कोण अब्रूदार माणूस ते करेल? मग लोक कुठून कुठून बाटल्या पैदा करायचे आणि पहिली तुझ्याकडे आणायचे, कारण सुईण तू आणि नाकही तुझंच. थेंब तळहातावर चोळून हुंगायचीस. मग जिभेच्या टोकाला लावून मोरीत थुंकायचीस. शेवटी पळीत ओतून काडी लावायचीस. खाडीकडे गावठी गाळणाऱ्या एका बाईने तुला शिकवलं होतं की भट्टीतून सगळ्यात आधी उतरते ती पहिल्या धारेची दारू भपकन पेटते, कंपनीची सीलबंद कधी पेटत नाही. ते तू गाठीला बांधलंस, आणि उगाच नाही बांधलंस. मागच्या चाळीतला एकजण रंग दिलेली गावठी विलायती समजून प्यायला आणि डोळ्यांनी गेला. त्याच्या बायकोचं बाळंतपण तूच केलंस. बापाने पोराचं तोंड हाताने चाचपून पाहिलं, ते सांगताना तुझा घास हातातच राहायचा.

अशात तुझे जावई आले. गोदीत कारकून, घाटकोपरला राहायचे, आणि तुझ्यासमोर येताना नेहमी परीक्षेला बसल्यासारखे. त्या दिवशी कोरा शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा. बाळंतविड्याची पिशवी तुझ्यापुढे ठेवली आणि झबल्या-टोपड्यांच्या तळातून ती बाटली काढली. पोलिसांनी धरलं असतं तर नोकरी गेली असती, पण चेहरा असा की गडच जिंकून आले. सांगितलं, ब्रँडी कुठे मिळाली नाही, पण एका अमेरिकन खलाशाने ही दिली, मक्याची आहे, ब्रँडीपेक्षा कडक, अर्धा चमचा पुरेल. आणि वर हौसेने म्हणाले, स्वस्तात मिळाली. तिथेच माती खाल्ली बिचाऱ्यांनी. तू त्यांच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "मक्याची दारू खंय करतत?"

सील त्यांनी तुझ्यासमोर फोडलं. तू तळहातावर थेंब चोळलास आणि नाक असं मुरडलंस की मला बाजेवरून कळलं. जिभेला लावून थुंकलीस ती पदराने तोंड पुसत, पुन्हा थुंकलीस, तरी पुसतच राहिलीस. पॉलिशवाल्याच्या डब्यातलं स्पिरिट, म्हणालीस, आणि रंग यावा म्हणून गूळ जाळून घातलेला. मग पळी, मग काडी. निळी आग अशी उसळली की तू हात मागे घेतलास. पुढचं मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. तू बाटली उलटी धरतेस आणि ती मोरीत गटगट आवाज करत रिकामी होते, आणि ते कोऱ्या शर्टात दारात उभे आहेत.

"माझ्या चेडवाक मारूक हाडलात ह्या?"

"आई, सील होतं त्यावर. तुमच्यासमोरच फोडलं ना?"

"सील माणसाच करतत," तू म्हणालीस, "आणि माणसाच फोडतत."

ते चपला घालून गेले. पोरीला घेतलंही नाही. तो घाणेरडा वास आपल्या मोरीत इतके दिवस बसला की मला भांड्यांनासुद्धा तो यायचा; जळकं लाकूड, सडकं केळं आणि वर कसलासा गोडवा, गोडवाच जास्त किळसवाणा. पुढे तू त्यांना जेवायला वाढलंस, दिवाळीला ओवाळलंस, कशात कमी केलं नाहीस. पण त्यांनी आणलेली कुठलीही वस्तू आधी हुंगल्याशिवाय घरात घेतली नाहीस. आंबे, खोकल्याचं औषध, एकदा तर साबणाची वडीसुद्धा. ते हसून म्हणायचे, थांबा, आधी आईंना हुंगू दे. सगळे हसायचे. मी त्यांच्या शेजारी बसायचे म्हणून मला दिसायचं, हसताना त्यांची नजर खाली असायची. तू गेलीस तेव्हा खांदा त्यांनी दिला. त्यानंतरही ती बाटलीची गोष्ट ते सांगत राहिले, ज्याला त्याला, अगदी नातवंडांनाही, आणि शेवटी एकच वाक्य, खरी होती ती. आम्ही म्हणायचो, हो हो, खरी होती.

तर काल. मी पळीत ओतली आणि काडी ओढली तशी लेक ओरडलीच, "आई, वेडी झालीस का? पडदा जळेल." मी म्हटलं, तुझ्या आजीची परीक्षा आहे, गप बस. आई, भपकन पेटली. तीच निळी आग. मी म्हटलं, बघ, खोटी आहे. लेकीने चष्मा लावला, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि सहज म्हणाली, "अगं, ह्यात निम्मा अल्कोहोल आहे. पन्नास टक्के. पेटणारच ना."

मी पळीवर ताटली झाकून आग विझवली. तुझी परीक्षा खऱ्याखोट्याची नव्हतीच गं, नुसती जहालपणाची होती. इकडच्या बाटल्या बेताच्या, म्हणून तुझ्या पळीत त्या गप बसल्या. माणूस खरं सांगत होता. घाबरलीस ते माझ्यासाठी, ते मला कळतं, त्या आंधळ्या बापाला मीही विसरले नाही. पण ते गेले ते खोटे ठरूनच गेले.

मग म्हटलं, एवढं झालंच आहे तर चव घेऊ, त्यांच्या नावाने. स्टीलच्या वाटीत चमचाभर. नाकाला आधी उतू जाऊन शेगडीवर जळलेला गूळ, मग आइस्क्रीमच्या दुकानातला तो गोडसर वास, मग नव्या कपाटाचं पॉलिश. जिभेवर चटका, घशात बंब पेटलेला, आणि घोट गिळून झाला तरी दाताशी लाकडाचा कडवटपणा, जसा काही कुणी भुसा चघळायला दिला. पाणी घातलं तर उतरलेला काढा झाला. अगदी शेवटी, सगळी आग निवल्यावर, कुठेतरी भाजलेल्या कणसाची पुसटशी चव. मक्याची म्हणत होते ते, ती एवढीच. लेकीने विचारलं, कशी आहे? मी म्हटलं, घाण. शंभर वेळा विचारलंस तरी घाण. दारू ओळखण्यात तू चुकलीस, आई, पण तोंड वाकडं केलंस ते बरोबरच केलंस.

हे तुला कळवायचं कुठे? तुम्ही दोघं एकाच ठिकाणी असाल तर आता तरी त्यांच्या हातचं काही न हुंगता घे, एवढंच लिहायला बसले होते. कागद घडी करून पळीमागे, मसाल्याच्या डब्याशी ठेवते आहे. लेक म्हणाली बाटली मोरीत ओतून टाकते. मी नको म्हटलं, गुडघ्याला चोळायला होईल. आज सकाळी गुडघा दुखत नव्हता. तरी मी बूच काढून हुंगलं, नाक मुरडलं, आणि पुन्हा हुंगलं. कोरा शर्ट घालून ते अजून दारातच उभे आहेत.